दोन भाषांचे घर : बेल्जमचे वाङ्मय आणि आपले नागपूर

मोठ्या राष्ट्रांच्या वाङ्मयाचा अभ्यास सर्वत्र होतो, आणि तो होणे योग्यच आहे. परंतु आपल्या स्वतःच्या स्थितीवर जो प्रकाश एखाद्या लहान देशाच्या वाङ्मयाने पडतो, तो कित्येकदा मोठ्यांच्या थोरवीने पडत नाही. गतवर्षी वाचनालयाच्या तासाला दहावीतील एका विद्यार्थ्याने माटरलिंकच्या 'निळा पक्षी' ह्या नाटकाचे इंग्रजी भाषांतर परत करताना आम्हांस विचारले, "सर, ह्या लेखकास बेल्जियन म्हटले आहे, पण बेल्जियन नावाची भाषा तर जगात नाही. मग बेल्जमचे वाङ्मय म्हणजे काय?" प्रश्न मार्मिक होता. तेवढ्यात घंटा झाली, आणि दोन वाक्यांत उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. परंतु ते उत्तर आमच्याच मनास पटले नाही. त्या प्रश्नाचे ऋण फेडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न दूरदेशीचा खरा, पण महालात राहणाऱ्यास तो परका वाटण्याचे कारण नाही. केळीबाग रस्त्याने बडकस चौकापर्यंत चालत जावे. दुकानदार गिऱ्हाइकाशी हिंदीत भाव करतो आणि लगेच मागे वळून आपल्या मुलास मराठीत माल काढावयास सांगतो. येथील एका शिक्षणसंस्थेच्या पाटीवर आजही 'सी. पी. अँड बेरार' ही अक्षरे आहेत. मराठी व हिंदी अशा दोन भाषांचा तो प्रांत १९५० मध्ये नावाने आणि १९५६ मध्ये रूपानेही संपला; भाषांचा शेजार मात्र संपला नाही. तेव्हा दोन भाषांच्या घरात वाङ्मय कसे जन्मास येते, कशाने वाढते आणि कशाने दुखावते, हे बेल्जमच्या उदाहरणावरून पाहू.

भूमी आणि पूर्वेतिहास

बेल्जमचे क्षेत्रफळ सुमारे ३०,५०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या एकट्या विदर्भात असे तीन देश मावतील. लोकवस्ती सव्वा कोटीच्या आत. ह्या चिमुकल्या देशाच्या मधून पूर्वपश्चिम अशी एक भाषेची रेषा जाते. तिच्या उत्तरेस फ्लँडर्स. तेथील लोकांस फ्लेमिश म्हणतात आणि त्यांची भाषा डचच होय, परंतु बोलण्यात तिचे दक्षिणी वळण निराळे. रेषेच्या दक्षिणेस वालून लोक; त्यांची भाषा फ्रेंच. पूर्वेच्या कडेस थोडे जर्मन भाषा बोलणारेही आहेत. राजधानी ब्रुसेल्स ही दोन्ही मोठ्या भाषांची. अशा देशाला उत्तरेस हॉलंड, पूर्वेस जर्मनी, दक्षिणेस फ्रान्स आणि समुद्रापलीकडे इंग्लंड असे बलाढ्य शेजारी लाभल्यामुळे युरोपातील पुष्कळ लढाया ह्याच मैदानावर झाल्या. वॉटर्लूचे नाव तर शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. ते गाव ब्रुसेल्सजवळच आहे.

मध्ययुगात घेंट, ब्रूज ही फ्लेमिश नगरे लोकरीच्या कापडाच्या व्यापाराने संपन्न झाली होती. त्या नगरांच्या भाषेत तेराव्या शतकात विलेम नावाच्या कवीने रेनार्ट कोल्ह्याचे काव्य रचले. सिंहाच्या दरबारात कोल्हा आपल्या वाक्चातुर्याने सर्वांस कसा फसवितो, ही ती कथा. पंचतंत्रातील करटक व दमनक ज्यांनी वाचले आहेत त्यांस हा कोल्हा ओळखीचा वाटेल. पुढे सोळाव्या शतकात हा मुलूख स्पेनच्या राजाकडे असता धर्मसुधारणेचे वारे तेथे शिरले, आणि त्याबरोबर छळही आला. सामान्य नांगऱ्यासही शास्त्र वाचता यावे म्हणून ज्याने नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणला, त्या विल्यम टिंडलला १५३६ मध्ये ब्रुसेल्सनजीक व्हिल्व्होर्डे येथे देहदंड झाला. लोकांच्या भाषेत लिहिणे हा त्या काळी प्राणावर बेतणारा उद्योग होता. १५८५ मध्ये स्पॅनिश सैन्याने अँटवर्प घेतल्यावर तेथील व्यापारी, मुद्रक व विद्वान हजारोंनी उत्तरेस हॉलंडात निघून गेले. त्यांच्यासवे फ्लेमिश वाङ्मयाचे तेजही गेले. मागे उरली ती शेतकऱ्यांची आणि विणकरांची बोली. सरदार, न्यायाधीश, धनिक व्यापारी हळूहळू फ्रेंच बोलू लागले.

त्यानंतर ऑस्ट्रिया, फ्रान्स, हॉलंड असे एकामागून एक धनी झाले. १८३० च्या ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सच्या नाट्यगृहात बंडाची कथा असलेला एक संगीत प्रयोग चालू असता प्रेक्षक उठून रस्त्यावर आले, आणि त्या वर्षीच्या क्रांतीतून बेल्जम स्वतंत्र झाले. स्वातंत्र्य मिळाले, परंतु राज्यकारभाराची भाषा झाली एकटी फ्रेंच. देशातील निम्म्याहून अधिक लोक जी भाषा बोलत, तिला कचेरीत, न्यायालयात वा विद्यापीठात स्थान राहिले नाही. बेल्जमच्या अर्वाचीन वाङ्मयाचा सर्व इतिहास ह्या एका अन्यायाभोवती फिरतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बोलीचे दोन उपासक

ह्या उपेक्षित भाषेत पहिला मोठा ग्रंथ लिहिला तो हेन्ड्रिक कॉन्शन्स ह्याने. त्याचा जन्म १८१२ चा, अँटवर्पचा. बाप फ्रेंच आणि आई फ्लेमिश. म्हणजे देशातील भाषेची रेषा त्याच्या घरातूनच गेलेली. १८३८ मध्ये त्याने 'फ्लँडर्सचा सिंह' ही ऐतिहासिक कादंबरी आईच्या भाषेत लिहिली. १३०२ साली फ्लेमिश विणकरांनी व नागरिकांनी भाले व सोटे घेऊन फ्रान्सच्या चिलखती घोडेस्वारांचा पराभव केला आणि रणांगणावर पडलेल्या सोन्याच्या टाचा गोळा केल्या, ती ह्या कादंबरीची कथा. हरि नारायण आपटे यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांनी आपल्याकडे जे कार्य केले, तेच ह्या पुस्तकाने तेथे केले. कॉन्शन्सने आपल्या लोकांस वाचावयास शिकविले, असे त्याच्याविषयी म्हणत आले आहेत. त्या लढाईचा दिवस, ११ जुलै, हा आज फ्लेमिश लोकांचा सणाचा दिवस आहे.

दुसरा उपासक शिक्षक होता, म्हणून आम्हांस तो विशेष जवळचा. गीदो गेझेल हा ब्रूजच्या एका माळ्याचा मुलगा, १८३० सालचा, पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला आणि १८५४ पासून रूसेलारे येथील धर्मविद्यालयात शिकवू लागला. विद्वानांची ग्रांथिक डच भाषा सोडून त्याने आपल्या पश्चिम फ्लँडर्सच्या खेडवळ बोलीत कविता केल्या. डबक्याच्या पाण्यावर भराभर फिरणारा एक किडा असतो. तो पाण्यावर काय बरे लिहितो, असे विचारून तो ईश्वराचे नाव लिहितो असे उत्तर देणारी त्याची कविता तेथील मुलांस पाठ असते. तो विद्यार्थ्यांशी मित्रासारखा वागे, त्यांच्या कविता वाची, आपल्या त्यांस वाचून दाखवी. ही रीत वरिष्ठांस रुचली नाही. १८५९ मध्ये काव्याचा वर्ग त्याच्याकडून काढून घेण्यात आला आणि पुढल्या वर्षी त्यास ते विद्यालयही सोडावे लागले. पुढे कित्येक वर्षे त्याची कविता जवळजवळ मुकी राहिली. पण ह्या काळात त्याने एक काम चालविले, त्याकडे विद्यार्थ्यांनी अवश्य लक्ष द्यावे. शेतकरी, कोळी, सुतार, आजीबाई ह्यांच्या तोंडचे जे शब्द कोणत्याही कोशात नव्हते ते तो टिपून ठेवी. आणि १८८१ पासून त्याने ह्या शब्दांसाठीच एक नियतकालिक चालविले. उतारवयात कविता पुन्हा वाहू लागली. १८९९ मध्ये तो वारला, तेव्हा ज्या बोलीस लोक हसत होते तीत उत्तम काव्य होऊ शकते, हे सिद्ध झाले होते.

गेझेल गेला, तरी त्याने पेरलेले बीज त्याच विद्यालयात उगवले. त्या काळी फ्लँडर्समधील कित्येक शाळांत मुलाने घरची भाषा उच्चारली की त्याच्या हातात एक खूण देत. ती त्याने दुसऱ्या चुकणाऱ्यास पकडून द्यावयाची, आणि शेवटी ज्याच्याजवळ ती राहील त्यास शिक्षा होई. मुलांनीच मुलांवर पाळत ठेवावी, अशी ही दुष्ट योजना. १८७५ मध्ये रूसेलारेच्या विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांच्या उत्सवप्रसंगी नेमून दिलेली फ्रेंच गाणी म्हणण्याचे नाकारले व फ्लेमिश गाणी गायिली. त्यांत अग्रणी होता आल्ब्रेख्त रोडेनबाख हा तरुण कवी. तो १८८० मध्ये अवघा तेवीस वर्षांचा असता वारला. पण शाळकरी मुलांच्या त्या गाण्यांतून निघालेली विद्यार्थी-चळवळ थांबली नाही.

फ्रेंचमध्ये लिहिणारे फ्लेमिश

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. फ्लँडर्समधील सुखवस्तु घरांत फ्रेंच बोलली जाई. अशा घरांतील मुलांनी मोठे होऊन फ्रेंचमध्येच लिहिले. त्यांस आपल्या मातीचे द्रोही म्हणावे काय? त्यांचे ग्रंथ वाचले म्हणजे तसे म्हणवत नाही. शार्ल द कोस्टेर ह्याने १८६७ मध्ये तील उलेनस्पीगल ह्या लोककथेतील खोडकर नायकावर जुन्या वळणाच्या फ्रेंचमध्ये एक महाकथा रचली. ह्या तीलचा बाप, एक गरीब कोळसेविक्या, स्पॅनिश अमदानीत पाखंडी म्हणून जाळला जातो. मुलगा त्याची राख लहानशा पिशवीत घालून छातीशी बाळगतो आणि स्वातंत्र्यासाठी भटकत राहतो. भाषा फ्रेंच, परंतु अंतःकरण निखालस फ्लँडर्सचे. हा ग्रंथकार दारिद्र्यातच वारला. त्याची थोरवी लोकांस मागाहून कळली.

१८८१ मध्ये 'तरुण बेल्जम' ह्या नावाचे मासिक निघाले आणि ह्या वाङ्मयास बहर आला. एमिल व्हेरहारेन हा शेल्ट नदीकाठच्या खेड्यात जन्मलेला कवी. यंत्रयुगातील नगरे भोवतालची खेडी कशी गिळतात हे त्याने १८९५ च्या सुमारास जसे वर्णिले तसे थोड्यांनीच वर्णिले असेल. त्याच्या उत्तरायुष्यातील मोठी काव्यमाला सबंध फ्लँडर्सवर आहे. मॉरिस माटरलिंक हा घेंटचा, १८६२ चा. त्यास १९११ मध्ये वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी ते रवींद्रनाथांस मिळाले. त्याचे 'निळा पक्षी' हे नाटक प्रथम मॉस्को येथे १९०८ मध्ये रंगभूमीवर आले. लाकूडतोड्याची दोन मुले सुखाचा निळा पक्षी शोधीत स्मृतींच्या देशात, रात्रीच्या महालात, भविष्याच्या राज्यात भटकतात. आणि जागी झाल्यावर पाहतात तो आपल्याच घरातील पिंजऱ्यातले कबूतर निळे दिसत आहे. हे धुके, ही निःशब्दता, ही घंटांच्या नादाने भारलेली जुनी नगरे पॅरिसच्या कोणा लेखकाजवळ नव्हती. फ्रेंच वाचकांस ती नवीन वाटली, म्हणूनच त्यांनी ह्या लेखकांस डोक्यावर घेतले.

येथे आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर निम्मे तरी मिळते. वाङ्मय भाषेचे असते हे खरे. पण ते भूमीचे, तिच्या इतिहासाचे आणि तिच्या दुःखाचेही असते. गेझेल व माटरलिंक ह्यांच्या भाषा भिन्न, परंतु आभाळ एक.

न्यायाची बाजू

असे असले तरी सर्व गोड होते असे समजू नये. १८६० मध्ये दोन फ्लेमिश मजुरांवर खुनाचा खटला वालून भागात फ्रेंच भाषेत चालला. ती भाषा त्यांस नीट समजतही नव्हती. दोघांचाही शिरच्छेद झाला. त्यांच्या अपराधाविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु आपल्यावरील आरोप आपल्याच भाषेत ऐकण्याचा हक्क माणसाला असावा, ह्याविषयी वाद होण्याचे कारण नाही. ह्या प्रकरणाने फ्लेमिश लोकांची मने पेटली. क्रमाक्रमाने कायदे झाले: १८७३ मध्ये फौजदारी न्यायालयांत, १८८३ मध्ये सरकारी दुय्यम शाळांत त्या भाषेस प्रवेश मिळाला, १८९८ मध्ये कायद्यांच्या मसुद्यापुरती तरी दोन्ही भाषांची बरोबरी मान्य झाली, आणि १९३० मध्ये घेंटचे विद्यापीठ संपूर्णपणे डच भाषेचे झाले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर घरच्या भाषेत उच्च शिक्षण मिळावयास त्या लोकांस शंभर वर्षे लागली.

मात्र दुखावलेली मने न्याय मिळाल्यावरही लवकर भरून येत नाहीत, हेही तेथेच दिसते. लूव्हेनचे प्राचीन विद्यापीठ पंधराव्या शतकातले. त्याचे ग्रंथालय १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने जाळले, तेव्हा सगळे जग हळहळले. १९६८ मध्ये भाषेच्या तंट्यापायी त्याच विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच विभागासाठी भाषेच्या रेषेपलीकडे नवे गाव वसवावे लागले. आणि ग्रंथसंग्रहाची वाटणी करताना पुष्कळशा पुस्तकांची विभागणी सम अंक एकीकडे व विषम अंक दुसरीकडे, अशी झाली. पहिल्या वेळी पुस्तके परक्यांनी जाळली. दुसऱ्या वेळी ती घरच्यांनीच वाटून घेतली. भाऊ विभक्त होताना वडिलांची पोथी अर्धी फाडून घेतात, तसेच हे झाले.

आपले नागपूर

आता घरी परत येऊ. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद ह्याने अठराव्या शतकाच्या आरंभी वसविलेले हे नगर. राजा गोंड, त्यामागून आलेले भोसले मराठे, ज्यांच्या वाड्यावरून आपल्या भागास महाल हे नाव पडले, भोवती हिंदी बोलणारा मोठा मुलूख, आणि १८५३ मध्ये शेवटचे रघूजी निपुत्रिक वारल्यावर संस्थान खालसा होऊन आलेला इंग्रजी अंमल. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी झाली. भाषांची एवढी गुंतागुंत ब्रुसेल्सलाही भारी पडावी.

मुद्रित मराठी गद्याच्या आरंभी नागपूरचा एक मनुष्य उभा आहे, हे आपल्यापैकी कितीकांस ठाऊक आहे? बंगालमध्ये विल्यम केरी साहेबांनी मराठीचे काम हाती घेतले तेव्हा त्यांस साहाय्य करणारे वैजनाथ पंडित हे मूळचे नागपूरकडचे. १८०५ मध्ये केरींचे मराठी व्याकरण निघाले, १८११ मध्ये नवा करार. आणि पुढील चारपाच वर्षांत सिंहासनबत्तिशी, हितोपदेश व रघूजी भोसल्यांची वंशावळी ही पुस्तके श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडली. परंतु ह्या मराठीचे वळण आपल्या बाजूचे. मुंबईकडील मिशनऱ्यांस ती आपल्या लोकांपुढे ठेवण्याजोगी वाटली नाही, आणि त्यांनी आपले स्वतंत्र भाषांतर केले. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. पण आपल्या बोलीची ही पहिली परीक्षा, आणि तीत तिला कमी गुण मिळाले, हे नमूद करून ठेवावे.

१८४५ मध्ये नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी येथील शिक्षणाचे आद्य प्रवर्तक. त्यांनी शाळा काढली हे सर्वांस माहीत आहे. पण त्यांनी एका प्रधान गायकाच्या तोंडून गोंडांच्या लिंगोदेवाचे दीर्घ गीत मूळ गोंडी शब्दांत उतरून घेतले, हे थोड्यांस माहीत असते. १८६३ मध्ये नाल्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ मध्ये छापविले. ज्या भाषेला तेव्हा पुस्तक नव्हते तिचे काव्य एका परदेशीयाने जपून ठेवले, आणि आपण तिच्या मुलखात राहून तिचे दहा शब्दही जाणत नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या फ्लेमिशांप्रमाणे आपल्याकडेही मराठी घरातील पुरुषांनी हिंदीस समृद्ध केले आहे. माधवराव सप्रे हे १८७१ साली दमोह जिल्ह्यात मराठी कुटुंबात जन्मले. १९०० मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढले, १९०७ मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी' चालविला, आणि रामदासांचा दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. त्यांच्या एका लहानशा गोष्टीस हिंदी कथेच्या आरंभी मानाचे स्थान देतात. परंतु सर्वांत बोलके उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. थोरले गजानन माधव, जन्म १९१७, धाकटे शरच्चंद्र. घर एक, घरची भाषा मराठी, आणि दोघांच्याही आयुष्याचा महत्त्वाचा काळ ह्या नागपुरात गेला. थोरल्यांनी हिंदीत लिहिले आणि आधुनिक हिंदी कवितेचे ते एक आधारस्तंभ झाले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९६४ मध्ये निघाला, आणि तो डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच ते वारले. धाकट्यांनी मराठीत कविता, कादंबऱ्या व समीक्षा लिहिली. १९७९ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांच्या मराठी समीक्षाग्रंथास मिळाले. ह्या दोघांत कोण मातृभाषेचा खरा पुत्र, असा प्रश्न कोणी विचारील तर आम्ही म्हणू की प्रश्नच चुकला. एकाने आईची सेवा केली, दुसऱ्याने मावशीचा संसार उभा केला; कुळाची कीर्ती दोघांनीही वाढविली.

दोन टोके जोडणारा साधू

बेल्जम आणि आपला देश ह्यांना जोडणारा एक पुरुष ह्या लेखात आलाच पाहिजे. फादर कामिल बुल्के हे १९०९ साली पश्चिम फ्लँडर्समध्ये जन्मले. म्हणजे गेझेलच्याच बोलीचे लेकरू. लूव्हेन येथे शिकत असता फ्लेमिश चळवळीचे वारे त्यांस लागले होते. जेझुइट होऊन ते १९३५ मध्ये भारतात आले व रांची येथे राहिले. येथील सुशिक्षित लोक आपल्या भाषेची लाज बाळगून परभाषेत बोलण्यात भूषण मानतात हे पाहून त्यांस फार वाईट वाटले. कारण हेच दुःख ते घरी पाहून आले होते. त्यांनी हिंदी व संस्कृतचा अभ्यास केला, तुलसीदासांवर जीव लावला, आणि रामकथेच्या उत्पत्तीविकासावरील आपला प्रबंध अलाहाबाद विद्यापीठात आग्रहाने हिंदीतच सादर केला. त्यासाठी विद्यापीठास आपला नियम बदलावा लागला. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश १९६८ मध्ये निघाला आणि आजही तो विद्यार्थ्यांच्या हाती असतो. १९५१ मध्ये ते भारताचे नागरिक झाले, १९७४ मध्ये त्यांस पद्मभूषण मिळाले, आणि १९८२ मध्ये ते प्रभूकडे गेले. ज्याने स्वतःच्या आईचा अपमान पाहिला आहे तो दुसऱ्याच्या आईस सहज नमस्कार करतो, हे बुल्के ह्यांच्या चरित्राचे सार होय.

आमची चूक आणि तुमचे काम

शेवटी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी मराठीच्या तासाला आम्ही एका मुलास विचारले, "काय करतोस?" तो उठून म्हणाला, "धडा वाचून राहिलो सर." आम्ही त्याचे शब्द दोनदा मोठ्याने उच्चारून दाखविले, वर्ग हसला, आणि 'वाचीत आहे' असे फळ्यावर लिहून आम्ही पुढे गेलो. व्याकरण आमच्या बाजूस होते. परंतु तो मुलगा त्या वर्षी पुन्हा आपण होऊन कधीही उत्तर द्यावयास उठला नाही. रूसेलारेच्या मुलांच्या हातात देत त्या खुणेची हकीकत आम्ही पुढे वाचली तेव्हा आम्हांस लाज वाटली. कारण तशीच एक खूण आम्हीही एका मुलाच्या हातात दिली होती, आणि ती परत घ्यावयाचे आम्हांस सुचले नव्हते. 'वाचून राहिलो' हे हिंदीच्या शेजाराने आपल्या बोलीस लाभलेले रूप आहे. त्यास स्वतःचा नियम आहे, आणि ह्या शहरातील हजारो आया त्याच रूपात आपल्या लेकरांस हाक मारतात. लक्ष्मीबाई टिळकांचे शालेय शिक्षण नव्हते म्हटले तरी चालेल; पण नागपूर व राजनांदगाव येथील दिवसांसह आपली सारी जीवनकथा त्यांनी घरच्या बोलीत सांगितली, आणि 'स्मृतिचित्रे' हा मराठीचा अक्षय ठेवा झाला.

ह्यावरून प्रमाणभाषा शिकू नये, असे कोणी समजू नये. परीक्षेत, अर्जात, ग्रंथात तिचे काम आहे आणि ती तुम्हांस उत्तम यावयास हवी. गेझेलासही ग्रांथिक भाषा येत होती. त्याने बोली निवडली ती अज्ञानाने नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, एक भाषा शिकविताना दुसरीची लाज शिकवू नये. ज्या देशात ती लाज शिकविली गेली तेथे शंभर वर्षांनी ग्रंथालयाचे दोन तुकडे झाले. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पेन्टेकॉस्टच्या दिवसाची जी कथा आहे, तीतही सर्व लोक एकच भाषा बोलू लागले असे घडलेले नाही. प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत संदेश ऐकला. देवास जर कोणाच्या घरच्या बोलीची लाज वाटली नाही, तर शिक्षकास ती का वाटावी?

म्हणून ह्या वर्षी आम्ही वाचनालयाच्या मेजावर एक कोरी वही ठेवीत आहो. तुमच्या आजीच्या तोंडचा, इतवारीतील हमालाचा, विणकराच्या मागावरचा, संत्र्याच्या बागेतला, हलबी, गोंडी वा हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याचा असा कोणताही शब्द, जो तुमच्या पाठ्यपुस्तकात नाही, तो अर्थासह तीत लिहावा. तो कोणाकडून ऐकला हेही लिहावे. शब्द बरोबर की चूक हे कोणी तपासणार नाही. पहिले पान आम्हीच लिहिले आहे. त्यावर 'वाचून राहिलो' हे शब्द आहेत, आणि त्यांपुढे लिहिले आहे: आमच्या एका विद्यार्थ्याकडून शिकलो.